राणी रंगाचा कोट

मानवी संस्कृतीच्या इतिहासात, भिंतीला पहिली खिडकी पाडणाऱ्या माणसाचं स्थान चाक शोधणाऱ्या माणसाच्याही वरचं आहे. चाकामुळे माणूस फक्त दुसरीकडे गेला. खिडकीमुळे त्याला बसल्या जागी जग दिसलं. हे विचार साहेबांचे होते. सोमवारी सकाळी साडेदहा वाजता त्यांनी ते आपल्या अकरा कर्मचाऱ्यांसमोर उभं राहून मांडले, आणि त्या अकरांपैकी एकही जण खिडकीजवळ बसत नव्हता. कर्मचाऱ्यांच्या दालनाला खिडकी एकच होती. तिच्याजवळच्या टेबलावर प्लास्टिकचं झाड होतं. त्याला ऊन मिळावं म्हणून साहेबांनी ते तिथे ठेवलं होतं.

साहेब नुकतेच एका प्रदर्शनाहून परतले होते. येताना त्यांनी तीन कापडी पिशव्या, एक पेन आणि एक ध्यास आणला होता. पिशव्या आणि पेन निरुपद्रवी होते. ध्यास असा होता की, एका स्टॉलवर त्यांनी एक प्रोग्रॅम पाहिला, त्याची पडद्यावरची खिडकी काचेसारखी होती. तिच्यामागे जे काही उघडलेलं असेल ते तिच्यातून आरपार दिसायचं. तो प्रोग्रॅम नेमकं काय काम करतो, हे विचारायचं साहेबांना सुचलं नव्हतं. इतकी सुंदर गोष्ट काही काम करत असेल असं त्यांना वाटलंच नाही.

कंपनीचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे एक मालकीणबाई. त्यांची चष्म्यांची चौदा दुकानं होती. गिऱ्हाइकाचं नाव, डोळ्यांचा नंबर, पसंत केलेली फ्रेम, चष्मा कधी तयार होईल ती तारीख, हे सगळं ज्या प्रोग्रॅममध्ये भरायचं तो साहेबांच्या कंपनीने बनवला होता. सहा वर्षं तो राखाडी रंगाच्या साध्या खिडकीत निमूटपणे चालत होता. आता कराराची मुदत संपत आली होती, आणि करार वाढवायचा की नाही हे ठरवायला मालकीणबाई पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी स्वतः येणार होत्या.

"काचेचा धंदा करणाऱ्या बाईला आपण सहा वर्षं पत्रा दाखवतोय," साहेब म्हणाले. "आता काच दाखवायची."

काम काकांकडे आलं, कारण त्या कचेरीतली सगळी कामं शेवटी काकांकडेच येत. काका म्हणजे तिथले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. वय पन्नास, नोकरी अकरा वर्षं. बाकीची मंडळी पंचविशीतली असल्यामुळे सगळे त्यांना काका म्हणत, आणि साहेब त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असूनही सगळ्यांच्या बरोबरीने काकाच म्हणत. काकांचं टेबल स्वच्छतागृहाच्या दाराला लागून होतं आणि समोर भिंत होती. बाहेर पाऊस आहे, ऊन आहे की धुकं, हे त्यांना संध्याकाळी उशिरा जिना उतरल्यावर कळायचं. म्हणून ते बारा महिने छत्री बाळगत.

काकांनी एकच शंका काढली. "साहेब, मागचं दिसायला लागलं तर पुढचं वाचायचं कसं?"

"काका, तुम्ही अजून वाचण्यातच अडकलाय," साहेब म्हणाले.

वाचण्याबद्दल साहेबांना एकूणच आकस होता. गेली चार वर्षं ते कागद हात लांब करून धरत, मग मान मागे नेत, आणि तेवढ्यानेही भागलं नाही की "सारांश सांगा" म्हणत. साहेबांना चष्मा लागलाय, हे साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या लॅपटॉपवरची अक्षरं मात्र दुकानाच्या पाटीएवढी होती. ती तशी काकांनीच करून दिली होती, दोन मिनिटांत, दार लावून, आणि ही गोष्ट बाहेर जाऊ नये अशी साहेबांची इच्छा होती.

अक्षरांवरून काकांना आठवण झाली. मालकीणबाईंच्या सर्वांत जुन्या दुकानातले काउंटरवाले गेली दोन वर्षं दर महिन्याला एक ओळीची मेल पाठवत होते: अक्षरं मोठी करा, दिसत नाही. ही मागणी कामांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. अडचण एवढीच की ती यादी खालून वर वाचायची पद्धत होती. नवी मागणी खाली येते, नवी मागणी म्हणजे ताजी मागणी, आणि ताज्याला आधी हात घालायचा, असं साहेबांचं शास्त्र होतं. त्यामुळे पहिल्या क्रमांकापर्यंत आजवर कोणी पोचलं नव्हतं. काच करतोच आहोत तर जोडीला अक्षरंही उरकून घेऊ का, असं काकांनी विचारलं. साहेबांनी अशा नजरेने पाहिलं की काकांनी जणू राजवाड्याच्या आराखड्यात मोरीचा विषय काढला होता.

जाता जाता साहेब मात्र थांबले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, प्लास्टिकच्या झाडाकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे काम पार पाडा. ती खिडकी तुमची."

काका अकरा वर्षांत पहिल्यांदाच वेळेआधी घरी गेले, म्हणजे सव्वासहाला. त्यांची बायको शाळेत गणित शिकवत असे आणि कुठल्याही विधानाला पुरावा मागण्याची तिला सवय होती. काकांनी खिडकीचं सांगितलं.

"लिहून घेतलंत का?" तिने विचारलं.

"साहेब शब्दाचे पक्के आहेत."

"मागे चांगली खुर्ची देणार होते."

"दिली की."

"तिला चाकं किती आहेत?"

"चार."

"असायला किती हवीत?"

काकांनी बोटं मोजली. "पाच," ते म्हणाले. "पण तोल सांभाळायची सवय झाली आता."

बायकोने वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. इतकंच म्हणाली की खिडकी मिळाली तर बरंच आहे, निदान आज बाहेर ऊन होतं का, या प्रश्नाला घरात कोणाकडून तरी उत्तर मिळेल. आणि ते छत्रीचं लोढणंही सुटेल.

दुसऱ्या दिवसापासून काका कामाला लागले. संपूर्ण खिडकी अर्धी पारदर्शक करणं हे काम अवघड नसतं. संगणकाला एक आकडा सांगायचा, खिडकी विरळ होते. मंगळवारी दुपारपर्यंत ती विरळ झाली. तिच्यातली अक्षरंही विरळ झाली. मागे साहेबांनी पडद्यावर लावलेलं डोंगराचं आणि झाडाचं चित्र दिसू लागलं, आणि त्या चित्रावर गिऱ्हाइकाची माहिती पाण्यावर सांडलेल्या रांगोळीसारखी तरंगू लागली. चाचणीसाठी त्यांनी कलाताईंच्या डोळ्यांचा नंबर भरून पाहिला. कलाताई म्हणजे कंपनीचा संपूर्ण कला विभाग. त्या विभागात दुसरं कोणी नव्हतं. मागच्या चित्रातल्या झाडाची एक उभी काटकी नेमकी त्यांच्या नंबरामागे आली, प्लसची उभी रेष तिच्यात विरून गेली आणि प्लस दोनचा मायनस दोन झाला.

"म्हणजे त्या झाडाच्या हिशोबाने मला लांबचं दिसत नाही," कलाताई म्हणाल्या.

साहेबांना हे दाखवल्यावर त्यांनी लॅपटॉप हातभर लांब धरला, पाहिलं, आणि फारच काव्यमय आहे असा अभिप्राय दिला. पण प्लसचा मायनस होतोय हे काकांनी तीनदा सांगितल्यावर ते तडजोडीला तयार झाले. काच धुरकट करा, ते म्हणाले. स्टॉलवरचीही जरा धुरकटच होती. त्यामुळे बुधवार धूर करण्यात गेला. मागचं चित्र पुसट करून पुढे आणायचं आणि हे दर क्षणाला करत राहायचं, हे साध्या संगणकाला झेपणारं काम नव्हतं. काकांच्या संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला आणि शेजारच्या स्वच्छतागृहातून दोनदा, काय झालं, अशी विचारणा झाली. कचेरीत ही धुरकट काच फक्त साहेबांच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर सुरळीत चालली. तेव्हा शुक्रवारचा कार्यक्रम साहेबांच्याच लॅपटॉपवरून करायचा ठरला. दुकानांमधले संगणक काकांच्या संगणकापेक्षाही जुने आहेत, हे काकांनी सांगून पाहिलं. दुकानांना दाखवायचंय कोणाला, असं साहेब म्हणाले.

मग कोपरे निघाले. चष्म्याच्या काचेला कधी कोपरे पाहिलेत का, असं साहेबांनी गुरुवारी विचारलं, आणि खिडकीचे चारही कोपरे गोल करायचं फर्मान निघालं. बंद करण्याचं बटणही काढायला लावलं. काचेला बटणं शोभत नाहीत.

कोपरे गोल करायची एक जुनी युक्ती काकांना येत होती. पडद्यावरची खिडकी चौकोनीच असते, ती कात्रीने कापता येत नाही. पण कोपऱ्यांत एक ठरावीक रंग भरायचा आणि संगणकाला बजावून ठेवायचं की हा रंग जिथे दिसेल तिथे काहीच नाही असं समज. तिथे भोक पडतं. मागचं स्वच्छ दिसतं, आणि तिथे क्लिक केलं तर तेही भोकातून मागच्या खिडकीवर जाऊन पडतं. रंग निवडण्याचाही काकांच्या पिढीचा एक नियम होता: असा रंग घ्यावा, जो शुद्धीवर असलेला माणूस कुठेही वापरणार नाही. त्या पिढीने एकमताने राणी रंग निवडला होता. डोळ्यांत खुपणारा, जांभळ्याशी भांडून बाहेर पडलेला गुलाबी. काकांनीही तोच घेतला आणि डोळे झाकून घेतला, कारण पंचवीस वर्षांत त्या रंगाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

कोपरे गोल झाले, पण त्यांच्या कडेला गुलाबी रेष राहिली. कडेचे ठिपके राणी रंगाशी थोडे मिसळलेले होते, पण अगदी तोच रंग नव्हता, आणि संगणक अशा बाबतीत फार काटेकोर असतो. साहेबांना अक्षरं दिसत नसत, पण ही रेष लांबूनच दिसली. खिडकीला हिरड्या आल्यासारख्या वाटतात, ते म्हणाले. काकांनी मग संगणकाला जरा मोकळीक दिली: राणी रंग, आणि त्याच्या जवळपास जाणारे त्याचे सगळे भाऊबंद, फिकट, गडद, सावलीतले, उन्हातले, यांपैकी कोणीही दिसलं की तिथे भोक समज. रेष गेली. साहेब खूश झाले.

"पण काका, दुसरीकडे कुठे हा रंग आला तर?" कलाताईंनी विचारलं. प्रश्न योग्य होता.

"हा रंग कोण वापरणार?" काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तयारीला जोर चढला. पहिल्या पानावर मालकीणबाईंचा मोठा फोटो झळकला पाहिजे, अशी साहेबांची कल्पना निघाली. स्वतःचा फोटो मोठा दिसला की माणूस बाकीच्या गोष्टी बारकाईने बघत नाही, हा त्यांचा अनुभव होता. फोटो मालकीणबाईंच्या कचेरीतून येणार होता, तोवर काकांनी त्या जागी कलाताईंचा राखाडी शर्टातला फोटो टाकून सगळं तपासून घेतलं. सगळं चोख होतं. साहेबांना ती धुरकट काच आता इतकी आवडली होती की गुरुवारी त्यांनी बैठकीच्या खोलीच्या काचेच्या दारालाही तशीच दुधी फिल्म लावून घेतली. फिल्मवाल्याने आणलेला रोल मोठा निघाला. उरलेल्याचं काय करायचं, असं त्याने विचारलं, तेव्हा साहेब फोनवर होते. वाया घालवू नका, एवढं ते म्हणाले.

शुक्रवार उजाडला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बैठकीच्या खोलीत पडदा लागला होता, प्रोजेक्टर लागला होता, साहेबांचा लॅपटॉप जोडला होता. साडेदहाला मालकीणबाईंचा फोटो मेलने आला. साहेबांनी तो उघडून न बघता स्वतःच कलाताईंच्या फोटोच्या जागी टाकला. यात काय बघायचंय, त्या काही बदलल्या नसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर शेवटची सूचना पाठवली. हा ग्रुप साहेबांच्या लॅपटॉपवर कायम पडदाभर उघडा असे, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्याला अकराच्या अकरा जणांनी अंगठा द्यावा अशी शिस्त होती, आणि कोणाचा अंगठा राहिला हे त्यांना तिथल्या तिथे पाहायचं असे. आजच्या सूचनेला अंगठे यायच्या आत मालकीणबाई आल्या. साहेबांनी घाईघाईने ग्रुपवरच प्रोग्रॅम उघडला, प्रोजेक्टरवर झाकण ठेवलं आणि स्वागताला दाराशी धावले.

मालकीणबाई साठीच्या होत्या, ताठ होत्या, आणि त्यांच्या अंगात राणी रंगाचा कोट होता.

काका खोलीच्या कोपऱ्यात उभे होते. त्यांनी तो कोट पाहिला आणि त्यांना मेलने आलेला तो न उघडलेला फोटो आठवला. बाई प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी हाच कोट घालत, दुकानांच्या पाट्याही याच रंगाच्या होत्या, हे त्यांना नंतर समजलं. सहा वर्षांत काकांना एकदाही दुकानात पाठवलेलं नव्हतं. पण फोटो काढणं हा प्रसंग महत्त्वाचा असतो, एवढं समजायला वेगळ्या माहितीची गरज नव्हती. ते पुढे झाले.

"साहेब, एक मिनिट. रंगाचं जरा—"

"हो ना, सुंदरच आहे. मी आत्ताच म्हटलं बाईंना," साहेब म्हणाले आणि काकांना कोपराने मागे सारलं.

बाईंबरोबर जुन्या दुकानाचे काउंटरवाले आले होते. जाड काचांचा चष्मा, खिशात दोन पेनं, आणि दोन वर्षं एकच वाक्य लिहिणाऱ्या माणसाचा शांतपणा. काकांनी साहेबांच्या कानाशी जाऊन आणखी एकदा प्रयत्न केला. आपण आधी कोट झाकू, म्हणजे फोटोतला, असं काहीसं ते पुटपुटले. साहेबांनी हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता, खिडकी हवीय ना, असं विचारलं. काका कोपऱ्यात परत गेले. इतका थेट प्रश्न त्यांना अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता.

मग साहेबांचं भाषण झालं. भिंत, पहिली खिडकी, चाक, मग काच. काउंटरवाल्यांनी मध्येच घड्याळ पाहिलं. "आणि आता," साहेब म्हणाले, "तुमच्या प्रोग्रॅमचं नवं रूप." त्यांनी झाकण काढलं.

पडद्यावर सुंदर धुरकट काच पसरली होती. कोपरे गोल होते. काचेवर मधोमध मालकीणबाईंचं डोकं होतं, प्रसन्न; खाली दोन्ही बाजूंना मनगटापुढचा एकेक हात होता. मधे बाई नव्हत्या. कॉलरपासून कमरेपर्यंत, कोटाच्या नेमक्या आकाराचं, अगदी बटणपट्टीसकट काढलेलं भोक होतं, आणि त्यातून मागचा ऑफिसचा ग्रुप लख्ख दिसत होता. साहेबांची शेवटची सूचना बरोबर छातीच्या उंचीवर आली होती. साहेबांच्या सोयीची अक्षरं, त्यात प्रोजेक्टर; एकेक अक्षर वीतभर होतं.

मालकीणबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पण त्याची गरज नव्हती. तो हातातच ठेवून त्यांनी मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं:

"बाईंना यातलं ओ की ठो कळत नाही. चकाकी दाखवा, सही घ्या, मोकळे व्हा."

साहेबांना मजकूर लांबून व्यवस्थित दिसत होता. त्यांनी माउस धरला आणि तो संदेश घालवण्यासाठी त्याच्यावर क्लिक केलं. क्लिक कोटावर पडलं, कोटातून आरपार गेलं आणि मागे संदेशाखालच्या अंगठ्याच्या खुणेवर पडलं. संदेशाला एक अंगठा मिळाला. तो साहेबांचा स्वतःचाच होता. त्यांनी पुन्हा क्लिक केलं, अंगठा गेला. पुन्हा केलं, आला. प्रत्येक वेळी बाहेरच्या दालनात दहा फोन एकदम वाजत होते. साहेबांनी एकंदर सात वेळा क्लिक केलं. सात हा विषम आकडा असल्यामुळे अंगठा राहिला. तेवढ्यात बाहेरच्या मंडळींनी, साहेब अंगठ्यांसाठी आठवण करतायत अशा समजुतीने, आपापले अंगठे धाडले. बाईंच्या छातीवर, हृदयाच्या किंचित डावीकडे, आणखी दहा अंगठे उमटले. बंद करायचं बटण साहेब शोधत राहिले. ते त्यांनीच काढायला लावलं होतं.

शेवटी काकांनी पुढे होऊन प्रोजेक्टरची वायर ओढली.

पहिला आवाज काउंटरवाल्यांचा आला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुक होतं.

"अक्षरं मात्र छान मोठी होती," ते म्हणाले.

मालकीणबाई वळल्या. "हे कोणाच्या मशिनवर आहे?"

साहेबांचा लॅपटॉप, असं काकांनी सांगितलं.

"आणि यांच्या मशिनवर एवढी मोठी अक्षरं कोणी केली?"

"मी."

"किती वेळ लागला?"

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब वायरीकडे पाहत होते. काकांच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली, तिच्यातून येणारं ऊन आलं, आणि मग त्यातलं काही आता मिळणार नाही हे समजून ते खरं बोलले. "दोन मिनिटं."

"आमच्या प्रोग्रॅममध्ये करायला?"

"तेवढीच. एक आकडा बदलायचा असतो."

"हे दोन वर्षं लिहितायत," बाई काउंटरवाल्यांकडे हात करून म्हणाल्या.

साहेबांनी इथे प्राधान्यक्रम हा शब्द उच्चारला. बाईंनी त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही. त्यांनी काकांना लगेच ते काम करायला सांगितलं आणि आपण थांबतो म्हणाल्या. काका आपल्या टेबलाशी गेले, एक आकडा बदलला, काच काढून टाकली, कोपऱ्यांतला राणी रंग काढून टाकला, आणि जुनी राखाडी खिडकी मोठ्या अक्षरांसकट दाखवली. काउंटरवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचून पाहिली. मग चष्मा लावून वाचून पाहिली. मग त्यांनी खिशातलं एक पेन काढून मालकीणबाईंपुढे धरलं.

बाईंनी करारावर सही केली. यामागे मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हतं. जाताना त्यांनी काकांना कारण सांगितलं: अपमान पाच मिनिटांत आटोपतो, पण चौदा दुकानांत नवा प्रोग्रॅम शिकवायला सहा महिने जातात. दारात त्या साहेबांपाशी थांबल्या, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत धंदेवाईक नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "प्लस अडीच तरी असेल. दुकानात या. घाबरू नका, ओ की ठो कळत नसलं तरी नंबर आम्ही बरोबर काढतो."

सोमवारी साडेदहाला साहेबांनी पुन्हा सगळ्यांना उभं केलं. त्यांच्या नाकावर नवाकोरा चष्मा होता. फ्रेम राणी रंगाची होती. दुकानातून दुसरी मिळाली नाही. ग्राहकाचं ऐकणं या विषयावर ते वीस मिनिटं बोलले. साधेपणा हीच खरी चकाकी, असं त्यांचं फार पूर्वीपासूनचं मत असल्याचं त्या दिवशी सगळ्यांना कळलं. शेवटी, मी शब्दाचा पक्का आहे, असं म्हणून त्यांनी काकांना खिडकीजवळची जागा जाहीर केली. टाळ्या पडल्या. ग्रुपवर अंगठेही पडले.

दुसऱ्या दिवशी काकांनी फक्त टेबल बदललं, खुर्ची जुनीच नेली. प्लास्टिकचं झाड स्वच्छतागृहाच्या दाराशी गेलं. त्या दिवशी काका पहिल्यांदाच छत्री घरी ठेवून आले होते, ते संध्याकाळी नखशिखान्त भिजून परतले. बायकोने टॉवेल आणून दिला. एवढा पाऊस दुपारपासून कोसळतोय, खिडकीत बसून तो दिसला नाही का, असं तिने विचारलं.

"उजेड दिसला," काका म्हणाले. "पांढरा."

त्यांनी डोकं पुसलं आणि सांगितलं. बैठकीच्या खोलीचं दार करून उरलेली दुधी फिल्म वाया जाऊ नये म्हणून फिल्मवाल्याने ती दालनाच्या खिडकीला लावली होती, वरपासून खालपर्यंत, एकही बुडबुडा न ठेवता. काकांनी नखाने कोपरा उचकटून पाहिला होता. मग फिल्मवाल्याला फोनही केला होता.

फिल्मला दहा वर्षांची हमी आहे. काकांच्या निवृत्तीला आठ राहिली आहेत.